यवन कोण?

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल कार्ल्याच्या लेण्यांना गेली होती. चैत्यगृहातले खांब दाखवीत मी मुलांना सांगत होतो, की यांतले अनेक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले, असे ब्राह्मी लेख त्यांवर कोरलेले आहेत. तोच एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, "गुरुजी, म्हणजे मुसलमानांनी बुद्धाच्या देवळाला खांब दिले?"

मुले हसली. मीही हसलो, आणि मग ओशाळलो. आठच दिवसांपूर्वी बखरीतला उतारा शिकवताना 'यवन म्हणजे मुसलमान' असे मीच फळ्यावर लिहून दिले होते!

ते खांब सुमारे २००० वर्षांपूर्वीचे. इस्लामचा उदय सातव्या शतकातला. 'यवन' शब्द आला आयोनियावरून. आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा, तिथे ग्रीक वस्ती होती. म्हणजे मुळात हे एका जनसमूहाचे नाव. कार्ल्याच्या यवनांनी दान केले ते बौद्ध संघाला. वंश एक, श्रद्धा दुसरी; कोणाचे काही अडले नाही. पुढे आपण तेच नाव एका धर्माला चिकटवले. 'तुर्का'चेही तसेच. एकनाथांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'तला तुर्क म्हणजे नुसता मुसलमान. तुर्कस्तानशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही.

फराळाच्या ताटावर इस्लामचा विषय निघाला, की आपल्याकडेही हीच सरमिसळ चालते. एक जण मताबद्दल बोलतो, दुसरा माणसांबद्दल, आणि दोघांना वाटते की वाद एकच आहे. मत तपासता येते, खोडता येते, सोडताही येते. आजोबा आणि पाळण्यातली भाषा कशी सोडणार? मतावरची टीका म्हणजे आपल्या जातभाईंवरचा घाव, असे मानणारा चुकतो; आणि साऱ्या माणसांना झोडपून 'मी फक्त धर्माबद्दल बोललो' म्हणणारा तर मला लबाडच वाटतो.

बोलण्यातली ही चूक एकदा तहात शिरली, तेव्हा तो जुना यवनांचा किनाराच ओस पडला. ग्रीस व तुर्कस्तान यांच्या युद्धानंतर ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. ग्रीक कोण, तुर्क कोण? कसोटी धर्माची लावली. भाषा कोणी विचारलीच नाही. क्रीट बेटावरचे मुसलमान घरात ग्रीक बोलत; कित्येकांना तुर्कीचा गंधही नव्हता. ते तुर्क ठरले आणि गलबतात बसले. उलट अनातोलियात तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. त्यांची पुस्तकेसुद्धा तुर्की भाषेत, फक्त लिपी ग्रीक. ते ग्रीक ठरून न पाहिलेल्या 'मायदेशी' गेले. युद्धात आधीच पळालेले धरून सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि साडेतीन-चार लाख मुसलमान घरादाराला मुकले. क्रीटच्या मंडळींना नव्या शेजाऱ्यांनी 'अर्धे काफर' म्हणून हिणवले. तिकडे ग्रीसमध्ये आलेल्यांना 'तुर्कांची अवलाद' ही शिवी मिळाली.

सहलीहून परतल्यावर मी वर्गाला ही हकिगत सांगितली आणि 'यवन' शब्दापुढे दोन्ही अर्थ लिहून घेतले. आधी ग्रीक, मग मुसलमान. तो पोरगा वहीतून मान वर करून म्हणाला, "मग गुरुजी, क्रीटचे ते लोक दोन्ही अर्थांनी यवन?"

"हो," मी म्हटले.

"आणि तरी त्यांना कुणीच आपले म्हटले नाही?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली.