स्वतःचे म्हणणे नसलेले विमान

शिकाऊ मॉडेल विमान उडवणाऱ्याला सांभाळून घेते. त्याचे पंख टोकांकडे किंचित उचललेले असतात, म्हणून एका अंगावर कलले तरी ते आपोआप सरळ होऊ पाहते. पंख खालून सपाट आणि वरून फुगीर असल्यामुळे कमी वेगातही उचल मिळते. गोंधळून स्टिक सोडून दिली तरी बहुधा ते स्वतःच सावरते. कसरतीच्या विमानाकडून याच्या अगदी उलट अपेक्षा असते. उलटे केले की त्याने उलटेच राहावे, कुशीवर वळवले की कुशीवरच थांबावे, सरळ वर धाडले की डावी-उजवी न करता रेघ ओढल्यासारखे चढावे. दिलेली आज्ञा पाळावी आणि न दिलेली पाळू नये. या विमानाला स्वतःचे म्हणणे असता कामा नये.

या विद्येत नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी पहिल्यांदा हेच सांगेन, कारण पुढचे सगळे यातून निघते: लाकूड कसे निवडायचे, पंख कसा जोडायचा, इंजिन किंवा मोटर किती अंशांनी वळवून बसवायची, गुरुत्वमध्य कुठे ठेवायचा. आकाशात दिसणारी सफाई बरीचशी बांधणीच्या टेबलावर ठरलेली असते. उडवणे आणि बांधणे हे दोन वेगळे छंद आहेत असे हल्ली पुष्कळ जण मानतात. तयार फोमची विमाने खोक्यातून काढून तासाभरात उडवता येतात, आणि त्यावर उत्तम हात बसलेले तरुण मी पाहिले आहेत. तरीही एक विमान तरी प्रत्येकाने बाल्साचे, नकाशावर, स्वतःच्या हाताने बांधावे असे माझे ठाम मत आहे. विमान एका बाजूला का ओढते, हे ज्याने बांधले त्याला कळते. ज्याने फक्त विकत घेतले तो ट्रान्समीटरवरची बटणे फिरवत राहतो.

ही परंपरा फार जुनी नाही, पण थोडी माहीत असावी. 1871 मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या त्विलेरी बागेत उडवले. ते अकरा सेकंद हवेत होते. माणूस विमानातून उडण्याच्या तीस वर्षे आधी स्थिर उड्डाणाचे तत्त्व एका मॉडेलने सिद्ध केले, ही गोष्ट या छंदाला पोरखेळ समजणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. रेडिओची जोड मिळायला 1937 उजाडले. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे आपले विमान रेडिओने चालवले. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. रेडिओने चालणाऱ्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा 1960 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ड्यूबेनडॉर्फला झाली आणि एड काझमिर्स्की यांनी ‘ओरायन’ या विमानावर ती जिंकली. त्या काळचे रेडिओ फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच जाणत. रडर, म्हणजे शेपटीचे उभे सुकाणू, थोडेसे वळवायचे तर कळ पुन्हा पुन्हा टिचकावी लागे. बोटाच्या हालचालीच्या प्रमाणात पृष्ठभाग हलवणारे रेडिओ साठच्या दशकात रुळले आणि खेळाचे स्वरूपच पालटले. 1967 चे विजेते फिल क्राफ्ट हे स्वतः रेडिओसंच बनवणारे होते, हा योगायोग नव्हे. 1977 मध्ये ऑस्ट्रियाच्या हान्नो प्रेटनर यांच्या ‘क्युरारे’ने वेगवान, लांब रेषांच्या उड्डाणाचा नमुना घालून दिला. पुढे आवाजावर निर्बंध आले, पंखे मोठे आणि संथ झाले, मिथेनॉलची जागा विजेने घेतली, आणि आजची स्पर्धेतली विमाने चढताना-उतरताना जवळपास एकाच वेगाने जातात.

आता लाकडाकडे वळू. या विषयाचा गाभा तिथे आहे.

बाल्साचे झाड मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. बाजारातला बहुतेक माल इक्वेडोरमधून येतो. झाड झपाट्याने वाढते आणि सहा ते दहा वर्षांत तोडायला येते. आपल्याकडची काटेसावर याच कुळातली. तिचेही लाकूड हलके, काड्यापेटीच्या कामाचे. बाल्साच्या फळातूनही सावरीसारखाच कापूस निघतो. पण सावरीच्या लाकडाला बाल्साची सर येत नाही, कारण वजनाच्या मानाने ताठपणा हा बाल्साचा खरा गुण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ विमानाचे धड बर्चच्या प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून केले होते. पवनचक्क्यांच्या प्रचंड पात्यांच्या पोटात आजही बाल्सा असतो.

नवशिक्याला धक्का बसतो तो इथे: बाल्सा हे एकच लाकूड नव्हे. तीन मिलिमीटर जाडीची, दहा सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब अशी एक फळी घ्या. तिचे वजन 30 ग्रॅम भरेल. शेजारची, दिसायला अगदी तशीच फळी 60 ग्रॅमची निघू शकते. दुकानातून गठ्ठा आणला की पहिले काम फळ्या वजनकाट्यावर ठेवून प्रत्येकीवर पेन्सिलीने वजन लिहिण्याचे. जड फळ्या स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब कण्याला, आणि लँडिंग गिअरच्या बैठकीला, मध्यम धडाला, सगळ्यांत हलक्या शेपटीला आणि पंखांच्या टोकांना. शेपटीची काटकसर सगळ्यांत मोलाची असते. गुरुत्वमध्यापासून शेपूट 75 सेंटिमीटर मागे आणि नाक 25 सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीवर वाढलेल्या 10 ग्रॅमची भरपाई करायला नाकात 30 ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे विमान फुकटात 40 ग्रॅमने जड झाले, आणि ते वजन टोकांना साठल्यामुळे स्नॅप रोल किंवा स्पिन यांसारखी झपाट्याने फिरण्याची कसरत थांबवताना विमान एकदम न थांबता थोडे पुढे वाहवत जाते.

वजनानंतर रेषा. ओंडका कसा चिरला यावर फळीचा स्वभाव ठरतो. एका प्रकारच्या फळीवर लांबच लांब सरळ रेषा दिसतात. ती बोटांनी आडवी वाकवली की सहज वळते. पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवायला ती उत्तम. दुसऱ्या प्रकारावर चमकदार ठिपक्यांची नक्षी असते. ती वाकवायला गेलात तर तडकते, पण ताठ इतकी की फासळ्यांसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. अनुभवी माणूस फळी उजेडात तिरकी धरतो, नखाने हलकेच दाबतो, दोन्ही टोके धरून किंचित पिळून पाहतो आणि मगच ती कुठे लागेल ते ठरवतो. हे पुस्तकातून पूर्ण शिकवता येत नाही. हातातून पन्नासेक फळ्या गेल्या की बोटांना कळू लागते.

पंख बांधताना नकाशा सपाट फळीवर ताणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचे, म्हणजे गोंद कागदाला धरत नाही. सगळ्या फासळ्या एकत्र गठ्ठ्याने टाचून एकदमच पॉलिश पेपरने घासायच्या, म्हणजे त्या एकसारख्या होतात. वरच्या आणि खालच्या स्पारच्या मध्ये उभ्या रेषांचे बाल्साचे तुकडे बसवायचे. ते नसतील तर दोन स्पार म्हणजे नुसत्या दोन पट्ट्या, आणि असतील तर तो तुळईसारखा एकसंध भाग होतो. गोंदाबद्दल एवढेच: झटपट चिकटणारा गोंद सोयीचा, पण चुकीच्या जागी बसलेला तुकडाही तो झटपटच चिकटवतो. जिथे जोड पारखून बसवायचा तिथे साधा पांढरा फेविकॉल घ्यावा आणि रात्रभर टाचण्या लावून ठेवावा.

सरळपणाविषयी मात्र हात आखडता घेता येत नाही. कसरतीच्या विमानात पंखाचा छेद वरखाली सारखा असतो, आणि पंख, शेपूट व मोटरचा अक्ष हे सर्वसाधारणपणे एकमेकांना समांतर ठेवतात, कारण विमान सुलटे असो वा उलटे, त्याला फरक कळता कामा नये. पंखाची रुंदी 25 सेंटिमीटर असेल तर एक अंशाचा कोन म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम 4.4 मिलिमीटरांचा फरक. अर्ध्या अंशाची चूक दोन मिलिमीटरांत मावते, आणि आकाशात ती लपत नाही. गुण्या, सपाट काच, दोरा आणि कोनमापक ही हत्यारे करवतीइतकीच महत्त्वाची. शेपटीच्या मध्यबिंदूपासून पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा लावून अंतर समान आहे का ते पाहावे. शेवटी वरून प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने चढवतात. ती तापली की आकसते, आणि एका बाजूने जास्त आकसली तर सरळ बांधलेल्या पंखालाही पीळ पडतो. तसा तो पडला तर पंख विरुद्ध दिशेला पिळून धरावा आणि फिल्म पुन्हा तापवावी.

आपल्या हवेबद्दल इथेच सांगितलेले बरे. बाल्सा ओलावा शोषतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात वजन केलेली फळी डिसेंबरात हलकी भरेल आणि जुलैत ताणलेली फिल्म थंडीत सैलावलेली दिसेल. बांधकाम पावसाळ्यात करायला हरकत नाही, पण लाकूड बंद पिशवीत कोरडे ठेवावे. उडवण्याचे खरे दिवस दिवाळीनंतरचे. देशावरच्या मोकळ्या माळावर सकाळी आठच्या आत वारा पडलेला असतो. दहानंतर जमीन तापते, भोवरे उठतात आणि विमान चांगले की वाईट हेच कळेनासे होते.

पहिल्या उड्डाणानंतर सुरू होणारे काम सर्वांत बौद्धिक आनंदाचे आहे. त्याला ट्रिमिंग म्हणतात. विमानाला एकेक प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर वाचायचे. 45 अंशांत वर चढवून उलटे करा आणि स्टिक सोडा. नाक लगेच खाली झुकू लागले तर गुरुत्वमध्य पुढे आहे. बराच वेळ रेषा टिकली तर जवळपास योग्य जागी आहे. सरळ वर धाडा. पंख्याची हवा धडाभोवती पिळत जाऊन शेपटीच्या उभ्या पात्यावर आदळते, म्हणून विमान डावीकडे सरकू पाहते. मोटर एक-दोन अंश उजवीकडे वळवून बसवतात ती यासाठी. कुशीवर धरून फक्त रडरवर उडवा. विमान चाकांकडे किंवा छताकडे ओढत असेल तर एलेव्हेटरची, म्हणजे शेपटीच्या आडव्या हलत्या पात्याची, जोड द्यावी लागेल. आपोआप लोळत असेल तर पंखांची टोके किती उचललेली आहेत ते बदलावे लागेल. आजचे ट्रान्समीटर हे सगळे मिश्रणाने झाकू शकतात. आधी विमान दुरुस्त करावे, उरलेले ट्रान्समीटरवर सोडावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

उडवण्याची पहिली अडचण मनाची असते. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे फिरते. यावर जुना तोडगा आहे: जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक न्यावी, पंख वर येतो. काही काळाने हा तोडगाही विसरला जातो आणि माणूस जणू आतून उडवू लागतो. सिम्युलेटरवर हा टप्पा स्वस्तात ओलांडता येतो. तिथे संकोच करू नये.

कसरतींपैकी एकच जवळून पाहू, ती म्हणजे सावकाश घेतलेला रोल. प्रेक्षकाला दिसते ते एवढेच, की विमान आपल्या अक्षाभोवती फिरत सरळ गेले. उजवीकडे रोल घेताना डावा पंख वर येऊ लागतो तसा उडवणाऱ्याचा रडरचा अंगठा हळूहळू डावीकडे सरकतो, कारण कुशीवर पंख उचल देत नाहीत आणि नाक रडरनेच धरावे लागते. विमान उलटे होता होता रडर सुटते आणि एलेव्हेटर पुढे दाबले जाते. मग ते कमी होत होत रडर उजवीकडे, आणि शेवटी सगळे मध्यावर. एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग, मात्र आरंभापासून शेवटपर्यंत तेवढेच. चार-पाच सेकंदांत दोन अंगठे ही लाट काढतात. त्यातली एखादी घाई दिसली तर जाणकार लगेच ओळखतो.

स्पर्धेत विमान उडवणाऱ्यापासून साधारण 150 मीटरांवर, मध्यापासून दोन्हीकडे 60 अंशांच्या चौकटीत राहावे लागते. प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण. कोनात साधारण पंधरा अंश चुकले की एक गुण गेला. आकृत्या लिहिण्याची चिन्हलिपी स्पेनचे वैमानिक होसे लुईस आरेस्ती यांच्या नावाने ओळखली जाते. मोठ्या विमानांची आणि मॉडेलची लिपी तीच. उडवणाऱ्याची नजर विमानावरून हलत नाही, म्हणून मागे उभा असलेला सोबती पुढची आकृती वाचून सांगतो. हा ‘कॉलर’ होणे ही उत्तम उमेदवारी आहे. दुसऱ्याच्या खांद्यामागून पाहताना जितके शिकता येते तितके स्वतःच्या पहिल्या वर्षात क्वचितच शिकता येते.

महाराष्ट्रात हा छंद अनेकांपर्यंत एनसीसीच्या हवाई शाखेतून पोचला. तिथे एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि कित्येकांनी बाल्साचा पहिला तुकडा तिथेच हातात घेतला. ज्यांच्या महाविद्यालयात ही सोय आहे त्यांनी ती सोडू नये. बाकीच्यांनी जवळचा मैदानी गट शोधून काही रविवार नुसते बघत उभे राहावे. विचारले तर बहुतेक जण हातचे काम टाकून समजावतात. उडवण्यापूर्वी ड्रोन नियम, 2021 वाचावेत, नकाशावर आपले मैदान कोणत्या क्षेत्रात येते ते पाहावे आणि विमानतळाच्या आसपास जाऊच नये. फिरता पंखा बोट कापतो, लिथियम बॅटरी चुकीच्या चार्जिंगने पेटते. पंख्याच्या रेषेत कोणी उभे नाही हे पाहिल्याशिवाय बॅटरी जोडू नये, आणि चार्ज होत असताना ती एकटी सोडू नये.

पहिले कसरतीचे विमान कोणते बांधावे, असे विचारणाऱ्यांना मी असे सुचवतो: शिकाऊ विमानावर हात स्थिर झाला की दीड मीटरच्या आतले, पंख धडाच्या खालच्या बाजूला असलेले, छेद वरखाली सारखा असलेले साधे विमान घ्यावे. धड चौकोनी, शेपूट सपाट फळीची, पंखाची रुंदी सगळीकडे सारखी. अशा पंखाच्या सगळ्या फासळ्या एकाच साच्याने कापता येतात, त्यामुळे पहिल्याच बांधणीत चूक कुठे झाली ते ओळखता येते. निमुळते पंख आणि आत ओढून घेता येणारी चाके दुसऱ्या विमानासाठी ठेवावीत.