मासा बघायला येतो

वऱ्हाडातल्या माणसाने बर्फाविषयी लिहिणे म्हणजे मालवणच्या माणसाने हुरड्याविषयी लिहिण्यासारखे आहे. अधिकार बेताचा, उत्साह फार. आमच्या लहानपणी बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात लोळवून, गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या मागे बांधून आणायची वस्तू होती. अमरावतीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असायचा आणि ती लादी घरी पोचेपर्यंत गोणपाटच जास्त उरायचे. अशा प्रदेशातल्या मंडळींना कोणी सांगितले की जगात काही लोक बर्फावर चालत जातात, त्यावर मोटार उभी करतात, त्याला गिरमिटाने भोक पाडतात आणि त्या भोकातून खाली कॅमेरा सोडून टीव्हीवर मासे बघत बसतात, तर ती काय म्हणणार? आमच्या घरात एकच उद्गार निघाला : "रिकामटेकडे दिसतात!"

सांगणारा माझा भाचा होता. तो अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. तिकडे जानेवारीत पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश उतरतो आणि तळी वरून गोठतात. मिल लॅक्स नावाच्या एकाच तळ्यावर हिवाळ्यात हजारो खोपटी उभी राहतात. चार इंच घट्ट, नितळ बर्फ असला की माणसाने चालायला हरकत नाही, असे तिथले सरकारी खाते सांगते. (आपल्याकडे चार इंच डांबराबद्दल इतक्या खात्रीने कोणी बोलेल असे वाटत नाही.) खोपटात शेगडी, शेगडीशेजारी स्टूल, स्टुलासमोर आठ-दहा इंचांचे भोक, भोकात गळ आणि गळाशेजारी कॅमेरा. कॅमेऱ्याची तार वर येते, ती छोट्या पडद्याला जोडलेली असते आणि भाचा त्या पडद्याकडे बघत सुट्टीचा दिवस काढतो.

मला वाटले, हे नव्या जमान्याचे खूळ असेल. पण चौकशी केली तेव्हा कळले की पाण्याखाली डोकावण्याची ही खटपट चांगली एकशे सत्तर वर्षे जुनी आहे, आणि तिची सुरुवात एका वकिलाने केलेली आहे. १८५६ साली इंग्लंडात वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्प्सन नावाच्या गृहस्थांनी पेटीत बंद केलेला कॅमेरा दोरीने अठरा फूट खाली सोडला. वर होडीत बसून दोरी ओढून झडप उघडली आणि दहा मिनिटे वाट पाहिली. पेटीत पाणी शिरले; तरी काचेवर काहीतरी उमटले. ते चित्र इतके अंधूक होते की त्यात समुद्र आहे हे वकीलसाहेबांच्याच साक्षीवरून मानावे लागे. पण पाण्याखाली घेतलेल्या फोटोंची वंशावळ तिथूनच सुरू होते.

त्यानंतर १८९३ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथे लुई बूतां या प्राणिशास्त्रज्ञाने स्वतःच पाणबुड्याचा पोशाख चढवला आणि कॅमेऱ्यासकट खाली गेला. कॅमेरा त्याच्या इंजिनियर भावाने बनवून दिलेला. खाली उजेड इतका कमी की एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागे. बूतांच्या चित्रांत मासे फारसे नसावेत यात नवल नाही, कारण अर्धा तास एका जागी उभा राहील असा मासा फक्त बाजारातच मिळतो. मग शोफूर नावाच्या विजेच्या तंत्रज्ञाने त्याला काचेच्या फुग्यात मॅग्नेशियम जाळून प्रकाश करून दिला. तो फुगा मधूनच फुटे. पाण्याखाली दिवाळी साजरी करणारे बहुधा हे पहिलेच गृहस्थ.

इथवर सारे हौसेचे होते. पण १९५१ च्या एप्रिलमध्ये 'अफ्रे' ही ब्रिटिश पाणबुडी इंग्लिश खाडीत पंचाहत्तर माणसांसह नाहीशी झाली. दोन महिने शोध चालला. समुद्राच्या तळाशी जुन्या बुडालेल्या जहाजांची दाटी, त्यातले आपले कोणते हे ठरवायचे कसे? शेवटी जून महिन्यात 'रिक्लेम' या जहाजावरून पाण्याखालचा टेलिव्हिजन कॅमेरा सोडला, आणि वर पडद्याभोवती उभ्या असलेल्या माणसांना त्या पाणबुडीच्या नावाची अक्षरे दिसली. पंचाहत्तर घरांतले वाट बघणे त्या अक्षरांनी संपवले. भाच्याच्या खोपटातल्या खेळण्याचे आजोबा हे असे आहेत. मला हे कळल्यापासून मी 'रिकामटेकडे' हा शब्द मागे घेतला आहे. घरातल्या इतरांनी घेतलेला नाही.

कोळ्यांच्या हाती मात्र डोळ्याआधी कान आला. पाण्यात आवाज सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत आला की किती खोल काय आहे ते ओळखायचे, ही विद्या पाणबुड्या हुडकण्यासाठी तयार झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लॉरन्स या कुटुंबाने तिची छोटी हिरवी पेटी करून हौशी मासेमारांना विकायला काढली. पण कानाचे एक असते. खाली काहीतरी आहे एवढे तो सांगतो. कोण आहे ते सांगत नाही. म्हणजे स्थळ आले आहे हे कळते, पण मुलगा कसा आहे, किती शिकलाय, दात पुढे आहेत का, याचा पत्ता नाही.

आणि इथे मला कौंडण्यपुराची आठवण होते. वर्धा नदीच्या काठचे, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले हे गाव म्हणजे आमच्या विदर्भाची पुराणातली राजधानी, रुक्मिणीचे माहेर. दर आषाढीला इथून तिची पालखी पंढरपूरला जाते. या गावाची खासियत अशी, की इथल्या मुलींनी नवरे पसंत केले ते ऐकून. दमयंतीला नळाचे गुण हंसाने सांगितले. रुक्मिणीने कृष्णाची कीर्ती ऐकली, एका ब्राह्मणाबरोबर पत्र पाठवले आणि अंबिकेच्या देवळातून रथात बसून ती निघूनही गेली. (हे देऊळ कोणते, यावर अमरावतीची अंबादेवी आणि कौंडण्यपूरची अंबिका यांच्या भक्तांत मतभेद आहेत. मी अमरावतीला राहतो आणि कौंडण्यपूरला जातो, त्यामुळे या प्रश्नावर माझे मत नाही.) बघण्याचा कार्यक्रम नाही, पोहे नाहीत, "नंतर कळवतो" नाही. नुसत्या कानावर एवढा मोठा निर्णय घ्यायला छातीच लागते.

सामान्य माणसाला तेवढी छाती नसते. त्याला बघायचे असते. म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनेसोटात बर्फाखाली सोडायचे मासेमारीचे कॅमेरे बाजारात आले. आधी काळ्यापांढऱ्या, जड चित्रनलिकेचे. मग रंगीत, चपटे, खिशात मावणारे. आणि लोकांना पहिल्यांदाच कळले की आपण इतकी वर्षे ज्याला "आज मासाच नाही" म्हणत होतो, तो खोटा समज होता. मासा होता. तो येत होता. गळाला लावलेल्या आमिषासमोर उभा राहत होता, डावीकडून बघत होता, उजवीकडून बघत होता. कधी आमिष तोंडात ओढून घेत होता आणि वर काठीचे टोक केसभरही हलण्याच्या आत थुंकून टाकत होता. मग शेपटी हलवून निघून जात होता. पोहे खाल्ले, मुलगी बघितली, "कळवतो" म्हणाले आणि गेले! पिढ्यान् पिढ्या वरच्या माणसाला वाटत होते की पाहुणे आलेच नाहीत. भाचा म्हणतो, हे बघितल्यावर अपमान होतो, पण गळ केव्हा आणि किती हलवायचा ते शिकता येते.

आता थंडीचे. वाचकांची समजूत असेल, तशी माझीही होती, की सर्वांत हाल पाण्यातल्या कॅमेऱ्याचे होत असतील. प्रत्यक्षात सर्वांत सुखी तोच. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, म्हणून ते तळाशी बसते. त्याहून गार पाणी हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. निसर्गाने ही उलटी व्यवस्था केली नसती तर तळी तळापासून गोठली असती आणि माशांचा निकाल लागला असता. तेव्हा कॅमेरा खाली, शून्याच्या वरच्या उबेत; आणि त्याचा मालक वर, उणे पंचवीसमध्ये. हाल होतात ते वरच्यांचे.

पहिले हाल बॅटरीचे. थंडीत तिच्यातली रसायने आळसावतात आणि घरी पूर्ण भरलेली बॅटरी तळ्यावर अर्ध्या दिवसात मान टाकते. म्हणून भाचा तिला कोटाच्या आत, पोटाशी धरून नेतो. स्वतःच्या मुलीला त्याने इतके जपून नेलेले मी पाहिलेले नाही. लिथियमची बॅटरी असेल तर शून्याखाली ती चार्ज करायची नाही. आधी घरात आणून तिची हुडहुडी जाऊ द्यायची. दुसरे हाल पडद्याचे. त्यातले द्रवस्फटिक गारठून सुस्त होतात, मासा पुढे निघून जातो आणि त्याची सावली मागे रेंगाळते. थंड पडदा शेगडीच्या उबेत आणला की त्यावर वाफ धरते, चहाचा पेला तोंडाशी नेल्यावर चष्म्यावर धरते तशी. तार वाळल्या सुंभासारखी ताठ होते. आणि कॅमेरा पाण्याबाहेर काढला रे काढला की भिंगावरचे पाणी गोठून त्याला मोतीबिंदू होतो. यावर उपाय मात्र सोपा : पुन्हा पाण्यात सोडायचा. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, हिरवी पट्टी नाही.

दिव्याचीही एक गंमत आहे. खाली अंधार म्हणून पांढरा दिवा लावावा, तर पाण्यातले कण उजळतात आणि धुक्यात मोटारीचे दिवे लावल्यासारखे समोर नुसते पांढरे होते. म्हणून अवरक्त दिवे लावतात. ते माशाला जाणवत नाहीत, पण त्यांची धाव चार-दोन फुटांपलीकडे नाही. आणि मासा गळाला लागला की आधी कॅमेरा वर ओढायचा, नाहीतर मासा त्याच्या तारेला प्रदक्षिणा घालतो.

मागच्या एका डिसेंबरात भाचा सुट्टीवर आला तो हा कॅमेरा घेऊन, आणि त्याने तो वर्धा नदीत सोडायचे ठरवले. मला यात थोडे ऐतिहासिक औचित्यही दिसले. रुक्मिणीचे सासर द्वारका. तिथे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात समुद्रतळ धुंडाळला, दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष टिपले. तिच्या माहेरी मात्र डॉ. मो. गं. दीक्षितांनी १९६० च्या दशकात फावड्या-कुदळींनी उत्खनन केले. सासरी कॅमेरा आणि माहेरी कुदळ! हा पंक्तिप्रपंच दूर व्हायला हवाच होता.

काठावर एक म्हातारा ढिवर जाळे सांधत बसला होता. भाच्याने डोंग्यात बसून कॅमेरा सोडला. पडद्यावर हिरवट चहासारखे काहीतरी दिसू लागले. बर्फाखालचे पाणी वारा लागत नाही म्हणून निवळते. आमची नदी वाहती, मातीची. पाच मिनिटे, दहा मिनिटे. थॉम्प्सन वकिलांचे चित्र याहून फार वाईट नसावे.

"काय दिसते बापू?" म्हाताऱ्याने विचारले.

"काही नाही बाबा, नुसता गाळ."

"मंग ते डबडं काढा बाहीर. तिकडं पाहा, त्या बाभयीखाली. बुडबुडे येऊन रायले नं? मरय हाये ते. श्वास घ्याले वरतं येते."

आणि खरोखरच बाभळीखाली पाणी फुटले, काळसर तोंड दिसले आणि गेले. मरळ हवा घ्यायला वर येते हे पुस्तकात आहे. पण ती नेमकी कोणत्या बाभळीखाली येते हे पुस्तकात नाही. म्हातारा म्हणाला, पावसाळ्यात तिची पिल्ले तांबूस पुंजक्याने वर फिरतात आणि आईबाप खाली राखण करतात, तो पुंजका दिसला की जाळे टाकायचे नाही. हे त्याला कोणी पडद्यावर दाखवले नव्हते.

भाच्याने त्याला कौतुकाने मिनेसोटाचे चित्रण दाखवले. म्हाताऱ्याने ते शेवटपर्यंत पाहिले. माशामागून मासा येत होता, बघत होता, जात होता.

"लय मासोयी हाये तिकडं," तो म्हणाला. मग जाळ्याकडे वळून म्हणाला, "इकडं पह्यले पुरासंगं मासोयी वरतं चढे. आता वरतं धरन हाये. तुमचा टीवी काय दाखवन बापू? जे हाये तेच दाखवन नं!"

वरचे धरण म्हणजे मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा. आमच्या अमरावतीच्या नळाला त्याचेच पाणी येते, तेव्हा मला त्याच्याविरुद्ध बोलायचा अधिकार नाही. त्याच्या जलाशयाला नाव दिले आहे नल-दमयंती सागर. ऐकून प्रेमात पडलेल्या जोडप्याचे नाव द्यावे आणि नदीच्या काठी बसलेल्या माणसाचे मात्र ऐकू नये, असा हा एकूण प्रकार. एकशे सत्तर वर्षांत माणसाने पाण्याखाली बघायची सारी सोय केली. बघायला खाली कोणी उरावे, याची सोय कोणत्या कारखान्यात होते ते अजून माझ्या वाचनात आलेले नाही.

निघताना म्हाताऱ्याने कॅमेऱ्याची किंमत विचारली. भाच्याने डॉलरचे रुपये करून सांगितले. म्हाताऱ्याने मनातल्या मनात त्याची जाळी करून पाहिली असावीत, कारण बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने पाटीतल्या दोन मरळी गवतात गुंडाळून आमच्या हातात ठेवल्या आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

"घेऊन जा," तो म्हणाला, "पोरगं एवढ्या लांबून मासोयी पाहाले आलं होतं."