मनुस्मृती दहन, नाताळचा फराळ आणि कागदावर फाटलेले एक घर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. २५ डिसेंबर हा मनुस्मृती दहन दिन आहे, आंबेडकरी माणसाने या दिवशी नाताळ साजरा करू नये, केक कापणारा तो बाटगा, असा त्याचा सूर असतो. त्याच दिवशी दुसरीकडून तुळशी पूजन करा, विदेशी सण नको, असाही प्रचार चाललेला असतो. दुसऱ्या प्रचाराला उत्तर देण्याची आम्हाला गरज वाटत नाही. पहिला मजकूर मात्र आपल्याच लोकांनी लिहिलेला आहे, म्हणून त्याच्याशी बोलले पाहिजे.

कारण आमच्या घरात २५ डिसेंबरला दोन्ही गोष्टी होतात. आमचे मूळ गाव नगर जिल्ह्यातले. आजोबांचे थोरले भाऊ मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले. आजोबा रेल्वेत लागले, कल्याणला आले आणि १९५६ नंतर त्यांनी बौद्ध धम्म घेतला. आज या दोन भावांचा गोतावळा कल्याण, डोंबिवली, ठाणे असा पसरला आहे. नाताळला सगळे थोरल्या घरी कल्याण पूर्वेला जमतात. चाळीसेक माणसे, दोन खोल्या आणि एक गच्ची. करंज्या, शंकरपाळे, चकल्या आठवडाभर आधीपासून तळल्या जातात. दारावर कागदी चांदणी लागते. पेटी-तबल्यावर मराठी भजने होतात. संध्याकाळी आमच्यातली निम्मी माणसे उठून मनुस्मृती दहन दिनाच्या कार्यक्रमाला जातात आणि परत येऊन जेवतात.

गेल्या नाताळला जेवणानंतर सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला. थोरल्या घरचा एक पुतण्या हळूच बाजूला झाला. म्हणाला, "मला नका घेऊ. फोटो कुठे टाकला आणि पडताळणीत कुणी दाखवला, तर?" त्याच्या दाखल्यावर हिंदू महार असे आहे. दाखल्यावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती. घरातल्या कुणी त्याला दोष दिला नाही. पण त्या फोटोत त्याची जागा रिकामी राहिली, आणि हा लेख त्या रिकाम्या जागेविषयी आहे.

आधी महाडचे पाहू. २५ डिसेंबर १९२७ हा रविवार होता आणि नाताळची सुट्टी लागलेली होती. त्या काळी सार्वजनिक परिषदा बहुधा याच सुट्टीत भरत, कारण कचेऱ्या आणि कोर्टे बंद असत आणि नोकरदाराला प्रवास करता येई. काँग्रेसचे पहिले अधिवेशनही २८ डिसेंबर १८८५ ला मुंबईत याच दिवसांत भरले होते. महाडला सवर्णांनी चवदार तळ्यावर कोर्टाचा मनाईहुकूम आणलेला होता. परिषदेला कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी बोटीने दासगावला उतरून महाडला पोचले. त्या रात्री मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जन्माने ब्राह्मण होते. म्हणजे ख्रिस्ती सणाची सुट्टी, मुसलमानाची जमीन, ब्राह्मणाचा ठराव आणि अस्पृश्यांचा संताप, हे सगळे त्या एका दिवसात आहे. त्या दिवसाला कुंपण घालून 'हा फक्त आपला' असे म्हणणाऱ्याने महाडचा इतिहास पुरता वाचलेला नाही.

आता 'विदेशी सण' या आरोपाकडे येऊ. तो आरोप करणारा ठाणे-कल्याणमध्ये राहत असेल तर त्याने आपल्या पायाखालची जमीन पाहावी. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत. हे बुद्धाचे कल्याण. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषिक प्रवाशाने 'कल्लियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली, आणि अनेक अभ्यासक ते गाव म्हणजे आपले कल्याण असे मानतात. चौदाव्या शतकात ओडोरिक या इटालियन धर्मगुरूने ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती असे लिहून ठेवले. १३२१ साली याच ठाण्यात फ्रान्सिस्कन संघातले चौघे मारले गेले. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. म्हणजे पोर्तुगीजांच्या पावणेदोनशे वर्षे आधी ठाण्यात नाताळ होत होता.

पोर्तुगीजांनी साष्टी, ठाणे, वसईत केलेल्या धर्मांतरात सत्ता होती, सक्ती होती, हे आम्ही लपवत नाही. पण त्या काळी बाटलेले शेतकरी आणि कोळी आजही मराठीची आपली बोली बोलतात. १८८७ साली त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले ते गोव्याहून, मंगलोरहून आलेल्या ख्रिस्ती नोकरदारांपासून आपण इथले मूळचे, हे वेगळेपण सांगण्यासाठी. नाताळला त्यांच्या घरी जो कुसवार भरतो त्यात करंजीच्या घाटाची न्योरी असते. ज्या सणात आपल्या आजीची करंजी आहे तो परका कसा?

आमच्या थोरल्या आजोबांची वाट मात्र वेगळी होती. ती अमेरिकन मराठी मिशनची. हे मिशनरी १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ पासून अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. आपल्या लोकांना तिथे अक्षर मिळाले. जोतिराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, आणि १८५५ साली तो छापला 'ज्ञानोदय'ने, म्हणजे याच मिशनच्या नियतकालिकाने. वेद ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, हा त्या पोरीचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला कुणी येशूचे उत्तर दिले, कुणी शंभर वर्षांनी बुद्धाचे. प्रश्न एकच होता. आमचे दोन आजोबा एकाच आगीतून दोन दारांनी बाहेर पडले. दार वेगळे म्हणून कुणी आगीचा पक्षपाती ठरत नाही.

पण ख्रिस्ती आप्तांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. १ जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेबांनी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयी त्यांनी तिथे आदराने सांगितले, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाजाला खडे बोलही सुनावले. तुम्ही शिकलात, पण अन्यायाविरुद्ध राजकारणात उतरला नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. धर्म बदलूनही जात का गेली नाही, हा प्रश्न त्यांनी आपल्या लेखनात पुन्हा मांडला. तो आजही जिवंत आहे. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी या ओळखी ख्रिस्ती घरांनाही चिकटून आहेत. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारली जाते, हे आम्ही आमच्याच नात्यात पाहिले आहे. येशूच्या मेजावर सगळे समान, आणि लग्नाच्या मांडवात नाहीत, तर मनू चर्चमध्येही बसलेला आहे.

मनू सरकारी कागदातही बसलेला आहे. १९३६ च्या ब्रिटिश आदेशानेच ठरवले होते की कोणताही भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीत धरला जाणार नाही. ख्रिस्ती राजाच्या सरकारनेच आपल्या धर्मबंधूंना बाहेर ठेवले, हे 'मिशनरी आणि इंग्रज एकच' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. स्वतंत्र भारतात १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला आणि त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जात फक्त हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्धांना केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडले, म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षे. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या आपल्या अहवालात ही धर्माची अट काढा असे सांगितले. ते झाले नाही. २०२२ साली याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला.

आम्हा बौद्धांना ३४ वर्षे बाहेर उभे राहण्याचा अनुभव आहे. धर्म बदलला म्हणून गावातली शिवी बदलत नाही, हे आपणच संसदेला सांगत होतो. मग तोच युक्तिवाद आपल्या चुलतभावाने केला की आपण गप्प का बसतो? आपल्या ताटातले कमी होईल ही भीती आम्हाला समजते, आणि ती खोटी नाही. त्यावर उपाय वाटा वाढवून मागणे हा आहे. भावाला ताटावरून उठवणे हा उपाय नव्हे. आणि प्रश्न फक्त नोकरीचा नाही. ख्रिस्ती दलिताला जातीवरून मारहाण झाली तर ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण त्याला मिळत नाही, कारण कागदावर तो अनुसूचित जातीचा नाही. मारणाऱ्याला त्याची जात ठाऊक असते, कायद्याला नसते.

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतिरावांनी या घराचे चित्र आधीच काढून ठेवले आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापले गेले. त्यात ते एका कुटुंबाची कल्पना करतात. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता एकाच घरात प्रेमाने राहावे. यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. प्रत्येक जण स्वतः वाचतो आणि स्वतः ठरवतो, बाईसुद्धा. मनुस्मृतीने बाईचे आणि शूद्राचे वाचणे आणि ठरवणेच काढून घेतले होते. म्हणून हे कुटुंब म्हणजेच मनुस्मृतीचे खरे दहन आहे.

हा दिवस अनेक संघटना भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळतात. तेव्हा आमच्या घरालाही एक बोल लावून ठेवतो. नाताळच्या करंज्या आठवडाभर तळणाऱ्या सगळ्या बायका आणि गच्चीवर बसून इतिहासावर वाद घालणारे सगळे पुरुष, हे चित्र दोन्ही धर्मांच्या घरांत सारखेच आहे. गेल्या वर्षी आत्याने कार्यक्रमाला निघालेल्या आम्हा पुरुषांना दारात अडवून विचारले, "मनुस्मृती जाळायला चाललात, भांडी कोण घासणार?" त्या दिवशी निघायला उशीर झाला.

म्हणून तो मजकूर पुढे पाठवणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनाला जरूर जा, आणि जाताना ख्रिस्ती आप्तांना बरोबर न्या. मनूने त्यांच्या आजोबांनाही पाणी नाकारले होते. मग त्यांच्या घरी जाऊन फराळ खा. आणि १९५० च्या आदेशातली धर्माची अट काढण्याची मागणी आपल्या व्यासपीठावरून, आपल्या ठरावात, आपल्या नावाने करा. ती मागणी मान्य होईल त्या वर्षी आम्ही कल्याणच्या गच्चीवर तो फोटो पुन्हा काढू, आणि पुतण्याला मधोमध उभे करू.

जय भीम!