आभाळातून कपाशी
मागच्या भागात तुम्ही केरळातले माड पाहिलेत. १९७० साली पिशारोटींनी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर रोगट झाडं टिपली. आपल्याकडच्या सुदूर संवेदनाची ती सुरुवात. कपाशी मात्र इतकी सोपी नव्हती. १७ मार्च १९८८ला सुटलेल्या आयआरएस-१एच्या एका कॅमेऱ्याचा एकेक ठिपका साडेबहात्तर मीटरचा, म्हणजे सव्वा एकराहून मोठा! आमच्या यवतमाळकडची कपाशी, मधली तूर, धुऱ्यावरची बाभूळ, सगळं त्या एकाच ठिपक्यात. त्यात खरिपाचे ढग. २०१२मध्ये रिसॅट-१चं स्वदेशी रडार आलं, तेव्हा ढगांआडचं शेतही दिसू लागलं. पेरा मोजायला हे उत्तमच. पण गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते. ती मी अजूनही बोंड फोडूनच पाहतो.