कॉइल स्प्रिंग सस्पेन्शन (फोर-व्हील-ड्राइव्ह वाहने)

कॉइल स्प्रिंग सस्पेन्शन म्हणजे वाहनाचा भार मळसूत्राकार पोलादी स्प्रिंगांवर पेलणारी सस्पेन्शन पद्धती होय. खडकाळ, चिखलाच्या व उंचसखल वाटांवर चालणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांत पूर्वी पट्टी स्प्रिंगा वापरल्या जात. बोलीभाषेत त्यांना ‘पाटे’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा अनेक वाहनांत पाट्यांची जागा कॉइल स्प्रिंगांनी घेतली.

रचना व कार्य

स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिच्या तारेला प्रत्यक्षात पीळ बसतो. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या आणि कार्यकारी वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे तारेची जाडी १० टक्क्यांनी वाढवल्यास ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. वेटोळ्याचा व्यास तितकाच वाढवल्यास तो सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. काही स्प्रिंगांत वेढ्यांमधील अंतर असमान ठेवतात. भार वाढत जातो तसे जवळचे वेढे एकमेकांना टेकतात आणि स्प्रिंग उत्तरोत्तर ताठ होत जाते.

पाटे भार पेलतात आणि एक्सलला जागेवरही धरून ठेवतात. कॉइल स्प्रिंगला हे दुसरे काम करता येत नाही. म्हणून एक्सलची पुढे-मागे होणारी हालचाल रोखण्यासाठी लांब दांडे, तर आडवी हालचाल रोखण्यासाठी पॅनहार्ड रॉड किंवा त्रिकोणी जोडदांडा बसवावा लागतो. पाट्यांच्या पानांमध्ये घर्षण होऊन आंदोलने काही अंशी आपोआप शमतात. कॉइल स्प्रिंगमध्ये असे घर्षण जवळजवळ नसते; त्यामुळे आंदोलने शमवण्याचा भार मुख्यतः शॉक ॲब्झॉर्बरवर पडतो.

खडतर वाटेवरील महत्त्व

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत उचलले गेले, तर ते नुसतेच फिरत राहते आणि जमिनीवर टेकलेल्या जोडीदार चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. म्हणून अशा वाहनात चारही चाके जमिनीला टेकून राहणे महत्त्वाचे असते. पानांच्या घर्षणाचा अडथळा नसल्याने कॉइल स्प्रिंग लहान खड्ड्यांनाही प्रतिसाद देते. योग्य दांड्यांच्या साहाय्याने तिच्यावर चाकाला वर-खाली होण्यास अधिक वाव देता येतो. अखंड एक्सलवर एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली रेटले जाते. या गुणाचा मऊ कॉइल स्प्रिंगांसह चांगला उपयोग होतो.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत तयार झालेल्या ‘युनिमॉग’ या वाहनात अखंड एक्सलना कॉइल स्प्रिंगांची जोड होती. अमेरिकेतील १९६६ च्या ‘फोर्ड ब्राँको’मध्ये पुढे कॉइल स्प्रिंगा व मागे पाटे होते. १९७० मध्ये ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने ‘रेंज रोव्हर’ बाजारात आणली. स्पेन किंग यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या या वाहनात चारही चाकांना लांब पल्ल्याच्या कॉइल स्प्रिंगा होत्या. एकच गाडी शेतात आणि महामार्गावर सुखाने चालू शकते, हे तिने दाखवून दिले. १९७९ मध्ये मर्सिडीजची ‘जी’ श्रेणी कॉइल स्प्रिंगांसह आली. १९४८ पासून पाट्यांवर चालणाऱ्या लँड रोव्हरने १९८३ च्या ‘वन टेन’ व त्यानंतरच्या ‘नाइन्टी’मध्ये हाच बदल स्वीकारला. ‘जीप रँग्लर’च्या १९९७ च्या आवृत्तीतही पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा आल्या.

भारतात

भारतात दीर्घकाळ जीप प्रकारची वाहने पाट्यांवरच चालत. १९८५ मध्ये आलेली ‘मारुती जिप्सी’ही त्याला अपवाद नव्हती. नाशिक येथे तयार होणाऱ्या ‘महिंद्रा थार’च्या २०१० च्या आवृत्तीत पुढे टॉर्शन बार व मागे पाटे होते. २०२० च्या आवृत्तीत पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड एक्सल आणि दोन्हीकडे कॉइल स्प्रिंगा अशी रचना आली. पुण्यातील फोर्स मोटर्सच्या ‘गुरखा’च्या २०२१ च्या आवृत्तीतही पुढे-मागे कॉइल स्प्रिंगा आहेत. २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या ‘मारुती सुझुकी जिमनी’त दोन्ही अखंड एक्सल कॉइल स्प्रिंगांवर आहेत.

मर्यादा

जोडदांडे व रबरी बुश यांची संख्या अधिक असल्याने देखभालीचे सांधे वाढतात. जड माल वाहताना मऊ स्प्रिंगा खचून गाडीची मागची बाजू खाली बसते. दुर्गम भागात तुटलेले पान बदलून पाटा तात्पुरता चालवता येतो. मोडलेली कॉइल स्प्रिंग मात्र बहुधा संपूर्णच बदलावी लागते. त्यामुळे मालवाहू वाहनांत पाटे आजही टिकून आहेत.

उंची वाढवताना घ्यावयाची काळजी

केवळ लांब स्प्रिंगा घालून वाहन उंच केल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो व वळणावर वाहन उलटण्याचा धोका वाढतो. पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल एका बाजूस सरकतो. पुढच्या एक्सलचा कोन बदलल्याने वळणानंतर स्टिअरिंग सरळ होण्याची प्रवृत्ती कमी होते. ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडून ताणल्या जाऊ शकतात. स्प्रिंगच्या मानाने शॉक ॲब्झॉर्बर फार लांब असल्यास चाक पूर्ण खाली लोंबताना स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. भारतात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्बंध आहेत.