त्र्यंबकजी डेंगळे आणि स्वामिनिष्ठेचे मोल

मराठ्यांच्या इतिहासात स्वामिनिष्ठेचा गौरव इतक्या वेळा झाला आहे की, स्वामी कसा होता, हे विचारावयाचे आपण बहुधा विसरतो. सेवक धन्यासाठी झिजला, एवढ्यावर आपले समाधान होते. या समजुतीची कसोटी पाहावयाची असेल, तर वडोदऱ्याच्या इतिहासातील एका रक्तलांछित प्रकरणाकडे वळणे इष्ट होय. वडोदऱ्याचे मुतालिक गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात खून झाला. त्याचा ठपका ज्याच्यावर आला तो त्र्यंबकजी डेंगळे दुसऱ्या बाजीरावाचा सर्वांत विश्वासू माणूस होता.

प्रथम वडोदऱ्याची बाजू पाहू. आनंदराव गायकवाड दुर्बल असल्यामुळे कारभार फत्तेसिंगरावांच्या नावे चाले आणि त्यामागे कंपनीच्या रेसिडेंटाचा हात असे. अहमदाबादेतील पेशव्यांच्या हिश्श्याचा इजारा गायकवाडांकडे दहा वर्षे होता. त्याची मुदत १८१४ मध्ये संपत होती. शिवाय पेशव्यांचे गायकवाडांवर जुने येणे होते व त्याचा हिशेब कित्येक वर्षे तुंबला होता. या दोन्ही गोष्टींचा निकाल लावण्यासाठी शास्त्री पुण्यास गेले. त्यांच्या जीविताची हमी कंपनी सरकारने घेतली होती. या हमीमुळेच पुढे खुनाचे प्रकरण राज्याच्या मुळावर आले.

आता पुण्याकडे वळू. त्र्यंबकजी मूळचा साधा जासूद. बाजीरावाच्या पडत्या काळात जलद निरोप पोहोचवून त्याने धन्याची मर्जी संपादन केली, असे सांगतात. पुढे तो चढत चढत कारभाराच्या शिखरावर पोहोचला. रेसिडेंटाशी बोलणी करण्याचे कामही त्याच्याकडे आले. बाजीरावाने मुलूख इजाऱ्याने देण्याचा सपाटा लावला होता. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला मामलत मिळे आणि ती रक्कम रयतेच्या अंगावरून वसूल होई. धन्याची तिजोरी भरण्याचे हे काम त्र्यंबकजीने मोठ्या उत्साहाने केले. गायकवाडांचा अहमदाबादचा इजारा संपताच तेथील सरसुभेदारीही त्यालाच मिळाली. तेव्हा शास्त्री ज्या कामासाठी पुण्यास आले, त्यातील अर्ध्याचा निकाल त्यांच्या विरुद्ध लागलाच होता, आणि त्याचा लाभ त्र्यंबकजीच्या पदरात पडला होता.

आणि हा धनी कसा होता? १८०१ मध्ये विठोजी होळकराला हत्तीच्या पायी देणारा, पटवर्धन, रास्ते यांसारख्या जुन्या घराण्यांच्या मिळकतींवर डोळा ठेवणारा, आणि संशयाशिवाय कोणाकडेही न पाहणारा. अशा दरबारात टिकावयाचे तर धन्याच्या मनातील न बोललेली इच्छा ओळखणे हीच मोठी विद्या ठरते. ती त्र्यंबकजीला पूर्ण अवगत होती.

बाजीरावाने शास्त्र्यांना प्रथम मोहात पाडण्याचा यत्न केला. आपल्या मेहुणीचा विवाह शास्त्र्यांच्या पुत्राशी करण्याचे त्याने ठरविले. तयारी झाली, परंतु शास्त्र्यांनी पुढे माघार घेतली आणि बाजीरावाचा मानभंग झाला. त्यानंतरही गोडीची बोलणी चालूच राहिली. पेशव्यांसमवेत शास्त्री पंढरपुरास गेले. त्या रात्री प्रकृती बरी नसल्याने ते देवळात जाण्यास नाखूष होते. पण त्र्यंबकजीकडून पुन्हा पुन्हा बोलावणे आले, म्हणून गेले. परतताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना गाठले.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या खुनाची रीतसर न्यायालयीन चौकशी कधीच झाली नाही. शास्त्र्यांचे शत्रू वडोदऱ्यातही होते. सीताराम रावजीच्या पक्षाचे गोविंदराव बंधूजी आणि भगवंतराव गायकवाड हे त्या वेळी पेशव्यांच्या आश्रयास होते व त्यांच्यावरही संशय होता. तथापि रेसिडेंट एल्फिन्स्टनने पुरावा गोळा करून त्र्यंबकजीची मागणी केली, तेव्हा बाजीरावाने ना त्याची चौकशी केली, ना त्याच्या निर्दोषित्वासाठी उभा राहिला. काही दिवस टोलवाटोलवी करून सप्टेंबर १८१५ मध्ये त्याने आपला सेवक इंग्रजांच्या हवाली केला.

ठाण्याच्या किल्ल्यात त्र्यंबकजीवर गोऱ्या शिपायांचा पहारा होता. बाहेरचा एक मोतद्दार मराठी गाण्यांतून निरोप पोहोचवी आणि पहारेकऱ्यांना त्याचा अर्थ कळत नसे, अशी हकीकत बिशप हेबरने लिहून ठेवली आहे. १२ सप्टेंबर १८१६ रोजी कैदी निसटला. त्याने फौज जमविण्यास आरंभ केला; बाजीराव आतून त्याला पैसा पुरवी आणि बाहेरून त्याचा पत्ता ठाऊक नसल्याचे सांगे. अखेर इंग्रजांनी निर्वाणीचा इशारा देताच त्याच बाजीरावाने त्र्यंबकजीला पकडणारास २ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात त्याने शास्त्र्यांच्या खुनाचा दोष त्र्यंबकजीच्या माथी मारला, आणि गायकवाडांवरील आपले दावे वर्षाला ४ लाख रुपयांच्या बदल्यात सोडून दिले. हिशेब मागावयास गेलेल्या शास्त्र्यांच्या प्राणाने वडोदऱ्याचा हिशेब असा फिटला. पेशव्यांचे वर्चस्व गेले. कंपनीचे मात्र पक्के झाले.

आश्चर्य याचे की, डोक्यावर बक्षीस लावणाऱ्या धन्याकडेच त्र्यंबकजी पुन्हा परतला व शेवटच्या युद्धात त्याच्यासाठी लढला. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमला शरण गेला. त्याला वर्षाला ८ लाखांचे निवृत्तिवेतन आणि बिठूरचा निवास मिळाला. तेथे तो १८५१ पर्यंत जगला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्र्यंबकजी नाशिकजवळ पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात बंदिवासात पडला. तेथेच १८२९ मध्ये त्याचा अंत झाला. बिठूर आणि चुनार ही दोन्ही ठिकाणे गंगेच्याच काठी आहेत.

त्र्यंबकजीच्या धैर्याविषयी व चिकाटीविषयी आम्हांस संशय नाही. परंतु ज्या निष्ठेने धन्याला एकदाही "नाही" म्हटले नाही, तिने रयत नागविली, एक दूत बळी दिला आणि शेवटी धन्याचे राज्यही वाचविले नाही. स्वामिनिष्ठेचे मोल निष्ठावंताच्या त्यागावरून ठरवावयाचे नसते. स्वामीने काय मागितले आणि सेवकाने कोणाच्या जीवावर ते पुरविले, यावरून ते ठरते. वडोदऱ्याच्या इतिहासाने आपणांस हेच शिकविले आहे, असे आम्हांस वाटते.