चिलकलूरिपेटची गाडी

मोठे काका हैदराबादेत मिरचीचा धंदा करायचे. त्यामुळे गुंटूर जिल्ह्यातल्या बाजारपेठा त्यांच्या पायाखालच्या. रात्री आर.टी.सी.ची गाडी धरायची, पहाटे उतरायचं, दुपारपर्यंत सौदे उरकायचे. म्हणून 8 मार्च 1993ची बातमी आमच्या घरात बातमीसारखी आलीच नाही. हैदराबादहून चिलकलूरिपेटला निघालेली बस दरोड्यासाठी पेटवून दिली होती. तेवीस माणसं गेली. ‘त्या गाडीत मी असू शकलो असतो,’ असं काकांनी कधी म्हटलं नाही. काकू म्हणायची, तेही ते बाहेर गेल्यावर.

पकडले गेले ते चलपती राव आणि विजयवर्धन राव, दोघंही गरीब दलित तरुण. बेत लुटीचा होता. पेट्रोल ओतून प्रवाशांना धाक घालायचा आणि ऐवज काढून घ्यायचा. जीव घ्यायचा नव्हता, धांदलीत काडी ओढली गेली, अशी त्यांची बाजू मांडणारे म्हणत. यावर काका उसळायचे. “काडी ओढली जात नाही. कुणीतरी ओढतो!” मला आजही त्यांचं हे बरोबर वाटतं. बंद गाडीत, झोपलेल्या माणसांत पेट्रोल ओतणाऱ्याला पुढचं कळत नसेल, हे पटत नाही.

आजोबा निवृत्त वकील. त्यांना माणसांपेक्षा कलमांत रस, असं आम्हाला वाटे. 1995मध्ये गुंटूरच्या सत्र न्यायालयानं दोघांना फाशी ठोठावली आणि 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, तेव्हा ते निकालातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. भाजलेल्यांचे जबाब दंडाधिकाऱ्यानं मरणाच्या दारातले म्हणून नोंदवले होते. पण जबाब देणारा जगला, तर तो मृत्युपूर्व जबाब राहत नाही. त्यानं कोर्टात उभं राहून साक्ष द्यायची. आधीचा कागद त्या साक्षीला नुसता दुजोरा. वकिलीच्या पुस्तकांत हा खटला आजही येतो तो पुराव्याच्या अशाच मुद्द्यांसाठी. तेवीस माणसं जळाल्याची कथा तिथं प्रस्तावनेत येते.

फाशीवर मात्र आजोबा गप्प. आणीबाणीत, 1 डिसेंबर 1975ला, भूमय्या आणि किष्टा गौड या दोन नक्षलवादी शेतकऱ्यांना हैदराबादच्या मुशीराबाद तुरुंगात फासावर चढवलं होतं. त्या दिवसाचं ते एवढंच सांगत, की कोर्टात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

खरी लढाई आत्याची. ती कॉलेजात शिकवायची आणि बालगोपाल, कन्नबिरान यांच्या नागरी हक्कांच्या सभांना जायची. राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांनी दयेचा अर्ज फेटाळला. मार्च 1997च्या अखेरीस फाशी ठरली, आणि अगदी शेवटच्या घटकेला स्थगिती आली. महाश्वेता देवींसारख्या लेखिकेनं या दोघांसाठी शब्द टाकला, याचं आत्याला फार अप्रूप. काकांना तितकाच संताप.

“दादा, चुंडूर विसरलास?” ती विचारायची. चुंडूर तेव्हा याच गुंटूर जिल्ह्यातलं गाव. 6 ऑगस्ट 1991ला तिथं सवर्णांच्या जमावानं आठ दलितांना मारलं. बसचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला तरी चुंडूरची सुनावणी सुरू व्हायची होती. “मारणारे दलित असले की कायदा धावतो,” आत्या म्हणायची.

काकांचं उत्तर ठरलेलं. “मग त्या गाडीतल्यांनी काय चुंडूरला कुऱ्हाडी चालवल्या होत्या?”

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि चुंडूरवर काकांकडे नव्हतं. दोघांच्या प्रश्नांची गाठ मात्र कधी पडली नाही. 1998मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी फाशीची जन्मठेप केली. आत्यानं पेढे आणले नाहीत. तेवढं तिला कळत होतं. काकांनी एकच विचारलं, “मेलेल्यांच्या घरी कुणी विचारायला गेलं होतं का?”

चुंडूरचा निकाल 2007मध्ये लागला, एकवीस जणांना जन्मठेप झाली. 2014मध्ये उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडून दिलं. त्या दिवशी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या काकांनी आपणहून आत्याला फोन लावला. “पेपर वाचलास का गं?” एवढं विचारलं, आणि मग पाऊण तास दोघं कडाकडा भांडली, पुन्हा त्या गाडीवरूनच.